टँकमध्ये हात घालणारे

नवा फिश टँक घरात आला की पहिले दहा-बारा दिवस त्या घरात टीव्ही लागत नाही. जेवणाची ताटं टँकसमोर येतात. पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी पाण्यातला मासा दाखवला जातो. आजोबांना बीपीच्या गोळीची आठवण करायला कोणी नसतं, पण माशांना दाणे टाकायची आठवण घरातल्या पाचही जणांना स्वतंत्रपणे होते आणि पाचही जण ते टाकतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी दिवा लावावा, तर काचेवर, खडीवर, प्लास्टिकच्या किल्ल्यावर आणि ज्याचे वेगळे पैसे मोजले होते त्या बुडबुडे सोडणाऱ्या पाणबुड्यावर तपकिरी पुट चढलेलं असतं.

पाणी स्वच्छ असतं, मासे मजेत असतात, फक्त जे जे म्हणून दिसायला ठेवलं होतं ते मळलेलं असतं. काचेवर आतून बोट फिरवलं की बोटाच्या रुंदीची लख्ख वाट तयार होते. घरातलं लहान पोर लगेच त्यात स्वतःचं नाव लिहितं. निघालेला चुरा मात्र कुठे जात नाही. तो पाण्यात उठतो, पंपाच्या बुडबुड्यांबरोबर टँकभर हिंडतो आणि संध्याकाळपर्यंत झाडांच्या पानांवर जाऊन बसतो. दोन-चार दिवसांत बोटाची वाट बुजते, नावाचा काना-मात्रा पुसला जातो आणि घरातला कर्ता पुरुष बाह्या सरसावतो. खरं संकट इथून सुरू होतं.

माझ्याकडे टँक नाही. त्यामुळे या विषयावर सल्ला द्यायला मी पूर्ण मोकळा आहे. आमच्या सोसायटीत मात्र तीन टँक आहेत. पहिल्या मजल्यावर काकांचा, तिसऱ्यावर आयटीतल्या जोडप्याचा आणि चौथ्यावर इंजिनिअरिंगला असलेल्या एका पोराचा. तिन्ही एकाच दुकानातले. तिन्ही दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरले तर सुमारे ५६ लिटरचे. तिन्हींत पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीतून येतं. तिन्हींवर हे तपकिरी पुट आलं. दोघांकडे ते अजून मुक्कामाला आहे. चौथ्या मजल्यावरून ते कधीच गेलं. ते का गेलं, हे मी लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि गणपतीच्या मांडवात सांगून पाहिलं. कोणाला पटत नाही. म्हणून आता लिहून काढतो.

आधी आरोपीची ओळख. दुकानदार याला ब्राऊन अल्गी म्हणतो, आपण तपकिरी शेवाळ म्हणतो आणि शास्त्रज्ञ म्हणतात की हे त्या खानदानातलंच नव्हे. खरं तपकिरी शेवाळ बहुतेक सगळं समुद्रातलं. कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीला खडकांवर सारगॅसमचे झुबके दिसतात, ते त्या घराण्यातले. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये येतात ते डायटम. एका पेशीचा जीव, आकारानं इतका लहान की एकेकटा डोळ्यांना दिसतच नाही. आपल्याला दिसतो तो त्यांचा जमाव.

या जीवाची हौस अशी की तो स्वतःभोवती सिलिकाचं कवच बांधतो. काच ज्या द्रव्यापासून बनते तेच हे द्रव्य. म्हणजे आपण माशांसाठी काचेची पेटी आणतो आणि तिच्या भिंतींवर ही मंडळी स्वतःच्या काचेच्या पेट्या घेऊन राहायला येतात. कवचाचे दोन भाग असतात. कुंकवाच्या करंड्याचं झाकण खालच्या वाटीवर थोडं उतरून बसतं, तसा वरचा भाग खालच्यावर बसतो. एका डायटमचे दोन होताना एकाला झाकण मिळतं आणि दुसऱ्याला वाटी. गंमत पुढेच आहे. दोघंही आपल्या वाट्याला आलेला भाग झाकण म्हणूनच वापरतात आणि त्याच्या आत मावेल अशी नवी वाटी घडवतात. ज्याला झाकण मिळालं तो बापाएवढा राहतो, ज्याला वाटी मिळाली तो किंचित लहान. पिढ्यानपिढ्या हे चाललं की वंशातली एक पाती आकसत जाते. फारच आकसली की मग ती लैंगिक पुनरुत्पादनाच्या वाटेनं जाते आणि पुढची पिढी पुन्हा मूळ आकाराची होते. आपल्याकडच्या वाटणीपत्रांत हे शेवटचं कलम असतं तर दिवाणी कोर्टं ओस पडली असती.

सूक्ष्मदर्शकाखाली या कवचांवरची नक्षी बघावी. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेलनं निसर्गातल्या कलाकृतींचा जो चित्रसंग्रह काढला, त्यात डायटमना मानाचं पान आहे. व्हिक्टोरियन काळात इंग्लंडमधले हौशी लोक एकेक डायटम उचलून काचपट्टीवर त्यांच्या रांगोळ्या मांडत. आपल्याकडे प्रा. एच. पी. गांधी यांनी पन्नासच्या दशकात कोल्हापूर आणि पन्हाळगडाच्या परिसरातल्या गोड्या पाण्यातले डायटम गोळा करून त्यांच्यावर शोधनिबंध लिहिले. पन्हाळ्याला जाणारे तीन दरवाजा आणि अंबारखाना बघून येतात. या गृहस्थांची नजर तिथल्या पाण्यातल्या पुटावर होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजही डायटमवर काम चालतं. ही सगळी माहिती मी काकांना मोठ्या उत्साहानं दिली. काका म्हणाले, "त्या संस्थेला माझा टँक न्यायला सांग. भाडं मी देतो."

काकांचा मूळ प्रश्न वेगळा होता. "अरे, पण हे आलं कुठून? मी तर नवी कोरी खडी धुऊन घातली." आता याचं उत्तर द्यायचं तर साडेसहा कोटी वर्षं मागे जावं लागतं. त्या सुमारास दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरला, थंड झाला आणि त्याचा बेसाल्ट झाला. तोच आपला काळा कातळ, ज्याचा सह्याद्री झाला आणि ज्याच्यात सोसायटीनं बोअर मारली. बेसाल्टचा निम्म्याच्या आसपास भाग सिलिका असतो. पावसाचं पाणी कातळात मुरतं, कातळ झिजतो आणि थोडी सिलिका विरघळून पाण्याबरोबर येते. बोअरचं पाणी टाकीत, टाकीतलं नळाला, नळाचं टँकमध्ये. डायटमला घर बांधायला लागणारा माल असा थेट दारात पोचतो. काकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे चूक सोसायटीची. बोअरच्या ठरावाला मी तेव्हाच विरोध केला होता."

तिसऱ्या मजल्यावरची तऱ्हा याहून नामी. तिथल्या वहिनी पाण्याचा थेंब वाया जाऊ देत नाहीत. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राच्या काळ्या नळीतून जे पाणी फुकट जातं ते त्या बादलीत धरतात. या पाण्यानं फरशी पुसतात, कुंड्यांना घालतात आणि टँक आल्यापासून रविवारी तेच टँकमध्येही घालतात. आरओचं काम असं की पडद्याच्या एका बाजूला शुद्ध पाणी काढायचं आणि मूळ पाण्यातलं जे काही नको ते दुसऱ्या बाजूच्या पाण्यात जमवून नळीवाटे बाहेर घालवायचं. म्हणजे सोसायटीच्या पाण्यातली सिलिका, क्षार, जे काय असेल ते अधिक दाट होऊन त्या बादलीत येतं. डायटमना यापेक्षा चांगला माल दुकानात विकत मिळाला नसता. मी हे भीत भीत सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मग काय, माशांना बिसलेरी पाजू?"

आता पहिल्या मजल्यावरचा रविवार. काका बँकेतून निवृत्त झालेले. कोणतंही खातं महिनाअखेरीला जुळलंच पाहिजे, ही सवय अंगात मुरलेली. रविवारी सकाळी सात वाजता काकू चहा करत असतानाच काका गंजीफ्रॉकवर टँकपुढे उभे राहतात. मासे बादलीत. पाणी पाइपानं बाथरूममध्ये. खडी परातीत, आणि परात नळाखाली. किल्ला आणि पाणबुड्या भांड्यांच्या साबणानं घासले जातात. फिल्टरचा स्पंज नळाच्या धारेखाली धरून, पिळून, पुन्हा धरून असा पांढरा करतात की कंपनीनं तो पाठवला तेव्हाही इतका पांढरा नसेल. मग काच. काच तारेच्या घासणीनं. कर्र कर्र आवाज दुसऱ्या मजल्यावर ऐकू येतो. दहा वाजेपर्यंत टँक झळाळून उठतो आणि काका आंघोळीला जातात. बुधवारी पुट परत. गुरुवारी काका मला लिफ्टपाशी गाठतात, "फार चिवट आहे रे."

चिवट कोण, हा मुद्दा आपण जरा बाजूला ठेवू. रविवारी सकाळी सात ते दहा या वेळात काय काय घडलं ते आधी बघू.

माशांच्या विष्ठेतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विष. तो खाऊन त्याचं नायट्राइट करणारे एक प्रकारचे जिवाणू असतात. नायट्राइटही विषच, त्याचं बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे दुसरे असतात. हे जिवाणू पाण्यात फारसे राहत नाहीत. त्यांचं घर फिल्टरच्या स्पंजात आणि खडीवर. नव्या टँकमध्ये त्यांचा जम बसायला साधारण महिना-दीड महिना लागतो. या काळात टँकमधला कारभार अजून कोणाच्याच हातात नसतो आणि अशा बिनसरकारी काळातच डायटम सुटतात. पाण्यात माल असतो, स्पर्धेला दुसरं कोणी नसतं. पुढे जिवाणू स्थिरावतात, झाडं मुळं धरतात, हिरवं शेवाळ थोडी जागा घेतं, पाण्यातली सिलिका संपत येते आणि डायटमचा जोर आपोआप ओसरतो. बहुतेक टँकमध्ये दोन-तीन महिन्यांत हे होतं. कोणी काही केलं नाही तर.

काका दर रविवारी करतात. नळाची धार स्पंजातले जिवाणू धुऊन काढते, पाण्यात क्लोरीन असेल तर ते मारतंही. साबण उरलेसुरले मारतो. टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. वर टँकभर नवं पाणी घातल्यामुळे डायटमना नवी कोरी सिलिका मिळते. तारेच्या घासणीनं काचेवर बारीक चरे पडलेले असतातच, त्यांत चिकटून बसायला बरं पडतं. काकांचा टँक दीड वर्षाचा आहे असं काका म्हणतात. खरं म्हणजे तो कधीच एका आठवड्यापेक्षा मोठा झालेला नाही.

हे मी समजावलं तेव्हा काकांनी माझ्याकडे दया येऊन पाहिलं. "म्हणजे घाण तशीच ठेवायची?" आपल्या पिढ्या पितांबरीवर वाढल्या. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर पडलेला डाग आपल्याला झोपू देत नाही. अशा माणसाला घाण काढूच नको, ती स्वतःहून जाईल, हे सांगणारा मी कोण? शिवाय ज्यानं कर्जाच्या फायली तपासत चाळीस वर्षं काढली, त्याला प्रश्न आपोआप सुटतो हे तत्त्वतःच मान्य नाही.

तिसऱ्या मजल्यावर घासाघीस नाही. तिथे सगळं बाटल्यांवर चालतं. टँकशेजारच्या कप्प्यात एक बाटली क्लोरीन घालवणारी, एक जिवाणू आणणारी, एक शेवाळ मारणारी, एक पाणी चमकवणारी आणि एक निळ्या औषधाची, जी माशाला काहीही झालं तरी घालायची असते. शेवाळ मारणाऱ्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. तांब्यानं गोगलगायी आणि कोळंबी हमखास मरतात, डायटमचं काय होईल ते सांगता येत नाही. मेलेली गोगलगाय कुजली की अमोनिया वाढतो, अमोनियासाठी वेगळी बाटली येते. महिन्याच्या किराणा यादीत तेल-साखरेच्या खाली आता ही नावं असतात.

मध्यंतरी त्यांना कोणीतरी सांगितलं, तीन दिवस टँक अंधारात ठेवा, शेवाळ उपाशी मरतं. म्हणून सोलापुरी चादर टँकवर घालून ठेवली. तेवढ्यात सत्यनारायणाची पूजा होती. आलेला प्रत्येक माणूस चादरीखालच्या लांबट आकाराकडे बघून हलक्या आवाजात विचारत होता, "कधी झालं?" अंधाराचा उपाय हिरव्या पाण्यावर चालतो. डायटम कमी उजेडातही मजेत राहणारे. तीन दिवसांनी चादर काढली तेव्हा झाडं पिवळी पडली होती आणि पुट जिथल्या तिथे होतं.

काकांकडे उजेडाचा प्रश्न उलटा. त्यांच्या टँकची जागा वास्तुतज्ज्ञानं ठरवली आहे. ईशान्य कोपरा, आठ सोनेरी मासे आणि एक काळा. ईशान्येला खिडकी. सकाळचं ऊन सरळ टँकवर, शिवाय टँकमधला दिवा रात्री अकरापर्यंत, कारण लक्ष्मी अंधारात येत नाही. झाडांच्या टँकला दिवसाला सहा ते आठ तास उजेड पुरतो. आणि ५६ लिटरमध्ये नऊ गोल्डफिश! गोल्डफिश म्हणजे माशांतला खादाड. याला जठर नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, त्यामुळे त्याचं समाधान म्हणून होत नाही. माणूस समोर आला की तो तोंड उघडझाप करत काचेशी येतो आणि काकू म्हणतात, "बघ बघ, भूक लागली बाळाला," की पडली चिमूट. खरं तर हा टँक एका गोल्डफिशलाही अपुराच. मी हे एकदा सुचवलं. काकांनी विचारलं, "आणि वास्तूचं काय?" एखादा मासा मेला तर घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं असं मानतात आणि रविवारपूर्वी नवा मासा आणतात. काकांच्या घरावर इतकी संकटं कोण पाठवतंय, हे वास्तुतज्ज्ञाला विचारलं पाहिजे.

मग येतात सफाई कामगार. दुकानदार पहिला उपाय म्हणून सकर देतो. काळा, ठिपक्यांचा, काचेला तोंड चिकटवून बसणारा, दोन इंची गोंडस जीव. "काका, हा सगळं शेवाळ खातो. टेन्शन नाही." लहान असताना तो थोडंफार खातो हे खरं. पण तो दीड फुटापर्यंत वाढतो, ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. मोठा झाला की त्याला शेवाळापेक्षा गोल्डफिशचे दाणे आवडतात आणि तो जेवढी घाण खातो त्याहून जास्त करतो. दोन फुटांच्या टँकमध्ये दीड फुटाचा सकर वळतो कसा, हे बघायला काकांकडे शाळेतली मुलं येत. पुढे तो जड झाला आणि काकांनी त्याला तळ्यात सोडायचा बेत केला. इथे मात्र मी विनोद बाजूला ठेवून आडवा पडलो. हे मासे दक्षिण अमेरिकेतले. हौशी लोकांनी सोडलेले सकर कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ जागांपासून आंध्र, तेलंगण, केरळपर्यंत पसरले आहेत. अंगावरच्या कडक खवल्यांमुळे त्यांना खाणारं कोणी नाही, मासेमारांची जाळी त्यांच्या काट्यांनी फाटतात. अखेर तो सकर दुकानदारालाच परत गेला. दुकानदारानं तो पुढे कोणाला विकला, हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर अभ्यास करून ओटो आणले. ओटोसिंक्लस हा दीड-दोन इंचांचा, थव्यानं राहणारा, गरीब स्वभावाचा मासा. डायटम हे याचं आवडतं अन्न. एका आठवड्यात त्यानं पानं चाटूनपुसून हिरवीगार केली. घरात आनंदीआनंद. मग लक्षात आलं की डायटम संपले की ओटो उपाशी मरतो. तेव्हापासून वहिनी रोज काकडीची चकती उकळत्या पाण्यातून काढून, थंड करून, काट्याला टोचून टँकमध्ये बुडवतात. नवरा ऑफिसला कोरडी पोळी-भाजी नेतो. काकडीनं भागेना म्हणून दुकानातून शेवाळाच्या गोळ्या आणल्या. होय, वाळवलेल्या शेवाळाच्या दाबून केलेल्या गोळ्या. एका हातानं शेवाळ मारायची बाटली आणि दुसऱ्या हातानं शेवाळाचं पाकीट, दोन्ही एकाच बिलावर. दुकानदारानं जीएसटी लावून दिलं, चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

नेराइट गोगलगायी त्याहून कामसू. त्या काच अशी साफ करतात की हात लावायला नको. फक्त त्या जिथे जातील तिथे पांढरे कडक ठिपके अंड्यांचे घालतात. अंडी गोड्या पाण्यात वाढत नाहीत, पिल्लांना खारटसर पाणी लागतं. त्यामुळे प्रजा वाढायची भीती नाही. पण ठिपके निघत नाहीत. तपकिरी थोडं हटलं आणि पांढरं आलं. वहिनींनी आता पांढऱ्या खडीचा विचार सुरू केला आहे.

एकदा काका फारच खचलेले दिसले म्हणून त्यांना धीर द्यायला मी डायटमची थोरवी सांगितली. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा हे जीव करतात. म्हणजे आपण घेतो त्यातला दर पाचवा श्वास यांचा म्हणायला हरकत नाही. मेल्यावर त्यांची कवचं तळाशी साचतात आणि लाखो वर्षांत त्याची पांढरी भुकटी-माती होते. बिअर गाळायला, पोहण्याच्या तलावाचं पाणी गाळायला, किडे मारायला ती वापरतात. बुडून मेल्याचा संशय असेल तर न्यायवैद्यक तपासणीत हाडांतल्या मगजात डायटम सापडतात का, तेही पाहतात. आणि आल्फ्रेड नोबेलनं १८६७ मध्ये नायट्रोग्लिसरीन याच मातीत मुरवून डायनामाइटचं पेटंट घेतलं. नोबेल पारितोषिकांच्या पैशामागे तुमच्या काचेवरच्या पुटाचे भाऊबंद आहेत, काका! काकांनी थोडा वेळ विचार केला. "डायनामाइट म्हणालास ना? ते कुठे मिळतं?"

आता चौथा मजला. तिथल्या पोराला त्याची आई आळशी म्हणते आणि त्याबद्दल सोसायटीत दुमत नाही. त्याच्या टँकमध्ये सहा लहान मासे आणि भरपूर हायड्रिला. तीच हायड्रिला, जी शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात उलट्या नरसाळ्याखाली असते. ती भराभर वाढते आणि पाण्यातलं खत स्वतःच खाऊन टाकते. सकाळी उठून दिवा लावणं त्याच्यानं होणार नव्हतं म्हणून त्यानं टायमर लावला, दुपारी चार ते रात्री दहा. दाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपतील एवढेच, आणि एखाद्या दिवशी विसरतो. रविवारी आई ओरडली की तो पाइप लावून दीड-दोन मजल्यांपर्यंत ऐकू जाईल असा उसासा टाकतो आणि फक्त एक बादली पाणी काढतो. म्हणजे चौथा हिस्सा. स्पंज नळाखाली न्यायचा कंटाळा, म्हणून काढलेल्या त्याच बादलीत तो दोनदा पिळतो आणि परत लावतो. त्यामुळे जिवाणू शाबूत. नवं पाणी एकच बादली, त्यामुळे नवी सिलिकाही बेताची.

पुट त्यालाही आलं होतं. त्यानं पुढची एकच काच साफ केली, मुदत संपलेल्या डेबिट कार्डाच्या कडेनं. बाकीच्या तीन काचा तशाच. "मी तर पुढूनच बघतो ना," असं त्याचं म्हणणं. महिनाभर टँक तीन बाजूंनी तपकिरी होता आणि येणारा-जाणारा नाक मुरडत होता. आईनं दोनदा फेकून द्यायची धमकी दिली. मग परीक्षा आल्या, त्याचं आणि घरच्यांचं टँककडे दुर्लक्ष झालं आणि परीक्षा संपेपर्यंत पुट गेलेलं होतं. विषयांचं काय झालं, ते वेगळं.

काका ते बघायला वर आले. चारही बाजूंनी टँक न्याहाळला, काचेवरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं. "काय घालतोस?" पोरगा म्हणाला, "काहीच नाही काका." काकांचा विश्वास बसला नाही. खाली येताना जिन्यात ते मला म्हणाले, "सांगत नाही रे. आजकालची मुलं गुपित सांगत नाहीत."

तेव्हा वाचकहो, तुमच्या काचेवर हे पुट आलंच, तर आधी कॅलेंडर बघा. टँक तीन महिन्यांच्या आतला असेल तर त्याला आजार नाही, वय आहे. पुढची काच कार्डानं खरवडा, आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, स्पंज टँकच्याच पाण्यात पिळा, दिवा सहा तास आणि दाणे एका माणसाच्या हाती सोपवा. तीन महिन्यांनंतरही ते हटत नसेल तर मासे मोजा, खिडकी बघा, आणि पाणी बोअरचं असेल तर निम्मं आरओचं शुद्ध पाणी मिसळा. काळ्या नळीतलं नव्हे. सकर घेऊ नका, घेतलाच असेल तर नदी-तळ्यात सोडू नका. आणि दर रविवारी काहीतरी घासल्याशिवाय चैन पडत नसेल, तर घरात तांब्या-पितळेची भांडी भरपूर असतात. टँक सोडून ती घ्या.